हार्डनर जास्त टाकलं म्हणून जोड लवकर सुकत नाही. पाच-दहा ग्रॅमचं मिश्रण नेमकं कसं करायचं?

रब्बीत कांद्याला पाणी द्यायची वेळ असते आणि नेमकी तेव्हाच मोनोब्लॉक पंपाच्या बिडाच्या बॉडीला बारीक चीर पडते. नवी बॉडी तालुक्याहून येईपर्यंत दोन-चार पाळ्या निघाव्यात म्हणून शेतकरी हार्डवेअरच्या दुकानातून दोन ट्यूबवाला इपॉक्सी आणतो. रात्री लावतो आणि सकाळी बघतो तर लेप च्युइंगमसारखा मऊ. मग तो खरवडून काढा, बॉडी पुन्हा घासा, पुन्हा लावा. लाइटची एक पाळी हातची जाते ती जातेच.

बहुतेक वेळा यात दोष मालाचा नसतो, मापाचा असतो.

आपल्याकडे एक समज पक्का बसलाय की हार्डनर जरा सढळ हातानं टाकलं की लवकर सुकतं. तो आलाय फायबरच्या कामातून. फायबरवाले जे पॉलिएस्टर रेझिन वापरतात त्यात हार्डनर अगदी थोडं, शेकडा एक-दोन भाग पडतं आणि ते थोडं कमी-जास्त करून वेळ लांबवता किंवा आवरता येते. इपॉक्सीचं तसं नाही. इथे रेझिन आणि हार्डनर एकमेकांना जोडले जाऊन कडक होतात. ज्याला जोडीदार मिळाला नाही ते तसंच चिकट राहतं, मग ते जास्तीचं रेझिन असो की जास्तीचं हार्डनर. पाकिटावर दिलेलं प्रमाण म्हणूनच मोडायचं नाही.

आता प्रमाणातली खरी मेख. अ‍ॅरलडाइट स्टँडर्डच्या १८० ग्रॅमच्या पाकिटात रेझिन १०० ग्रॅम आणि हार्डनर ८० ग्रॅम असतं. लोक म्हणतात, "दोन्ही सारखं घ्यायचं असतं ना?" सारखंच, पण आकारमानानं. हार्डनर वजनाला हलकं असल्यामुळे काट्यावर तेच प्रमाण १०० ला ८० होतं. काट्यावर समान वजन घेतलं तर हार्डनर पंचवीस टक्के जादा पडतं. दुसऱ्या कंपनीचा माल असेल तर प्रमाण वेगळं असू शकतं, आधी पाकीट वाचा.

चिरेला माल लागतो पाच-दहा ग्रॅम. जास्त कालवून वाटीत ठेवला तर तो स्वतःच्या उष्णतेनं तापतो आणि लावायच्या आत घट्ट होतो, शिवाय पैसे वाया. पण थोडा माल मोजणं जास्त अवघड. समजा काटा अर्धा ग्रॅम चुकला. ४० ग्रॅम हार्डनरमध्ये ती चूक सव्वा टक्का, ४ ग्रॅममध्ये मात्र साडेबारा टक्के. किराणा दुकानाचा काटा म्हणूनच इथे कामाचा नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा, खिशात मावणारा डिजिटल काटा लागतो. फॅन बंद करा, वाऱ्यानंसुद्धा आकडा हलतो. वाटी ठेवून शून्य करा, ५ ग्रॅम रेझिन घ्या, पुन्हा शून्य करा आणि काडीनं थेंब थेंब ४ ग्रॅम हार्डनर सोडा. याहून कमी कालवायच्या भानगडीत पडू नये, असं माझं मत.

काटा नसेल तर मेडिकलमधून बिनसुईच्या दोन ५ मिलीच्या सिरिंज आणा, एक रेझिनला, एक हार्डनरला. अदलाबदल नको. माल घट्ट असल्यानं तो पुढून ओढला जात नाही. दट्ट्या काढून मागून भरा, तोंड वर धरून हवा बाहेर काढा. आत बुडबुडा राहिला तर माप खोटं. टाइलवर दोन सारख्या रेघा ओढायची पद्धत कपाचा कान चिकटवायला ठीक, पंपाला नको.

थंडीत निफाडसारख्या ठिकाणी पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा माल मधासारखा थिजतो. बंद ट्यूब थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, मग मोजा. आणि लेप सुकायला नेहमीपेक्षा जास्त वेळ धरा.

कालवताना घाई नको. सपाट काडीनं दोन-तीन मिनिटं, वाटीच्या कडा आणि तळ खरवडत खरवडत. रंगाची एकही रेघ दिसता कामा नये. मग दुसऱ्या कोरड्या वाटीत ओतून पुन्हा अर्धा मिनिट कालवा, कारण पहिल्या वाटीच्या कडेला अर्धवट माल चिकटलेला असतो. मेणाचा थर असलेला कागदी कप टाळा. हातमोजे घाला, कातडीला याची अ‍ॅलर्जी एकदा जडली की पुढे जरासं लागलं तरी खाज सुटते. हात थिनरनं नाही, साबणानं धुवा.

लावायच्या आधी चिरेवरचा गंज, रंग, तेल काढून पॉलिश पेपरनं चकचकीत करा, हे मिस्त्री लोक सांगतातच. एक मात्र कुणी सांगत नाही. फवारणी पंपाची टाकी, काळी पाण्याची टाकी, ठिबकच्या नळ्या या पॉलिथिनच्या असतात. त्याला इपॉक्सी कितीही नेमकं मोजलं तरी धरत नाही, सोलून निघतं. पिण्याच्या पाण्याच्या भांड्यालाही साधं इपॉक्सी आतून लावू नये.

वाटीतला उरलेला माल फेकू नका. त्याचा एक ठिपका टाइलवर लावून पंपाशेजारीच ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतलं, तर मोटार सुरू करू नका.