दारू सोडायची, पण आधी दवाखाना



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खते आणि हुमणी यांवर लिहितो. या वेळी दारूवर लिहीत आहोत. ऊस विकास विभागाचा दारूशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. ज्या प्लॉटची मोठी बांधणी वेळेवर होत नाही, पहिली उचल बँकेत पडल्यावर आठ दिवसांत ज्यांचे खाते रिकामे होते, त्यातल्या बऱ्याच घरांत बाटली शिरलेली आम्ही पाहिली आहे. शिवाय आपल्याच उसाच्या मळीपासून मद्यार्क निघतो आणि त्याचीच पुढे देशी होते, हे काय आम्हाला ठाऊक नाही?

डिसेंबर २०२३ ची गोष्ट. आमच्या गटातील एक सभासद, वय पन्नाशीचे. नाव सांगत नाही, अण्णा म्हणू. को ८६०३२ चा खोडवा राखावा तर अण्णांनी, असे एके काळी आम्हीच इतरांना सांगत असू. पण आधी संध्याकाळी, मग दुपारी, आणि शेवटी सकाळी हात थरथरू नयेत म्हणून घोट, अशी गत झाली. आम्ही तोडीचे सांगायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "साहेब, तुमचं ऐकतील ते. तुम्हीच सांगून बघा."

आम्ही बांधावर बसून सांगितले, "अण्णा, मनावर घ्या. आजपासून बंद. सरळ माळ घाला."

अण्णांनी ऐकले. एकादशीला माळ घातली आणि बाटलीला हात लावला नाही. आम्हाला मोठे समाधान वाटले, ऑफिसात चौघांना सांगूनही झाले.

पहिल्याच रात्री घाम आणि थरकाप. झोप नाही. दुसऱ्या दिवशी फिट आली. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्या उतरतायत म्हणून अण्णा हात झाडू लागले, वारलेल्या भावाशी बोलू लागले. गल्लीत लगेच ठरले की बाहेरचे आहे, देवऋषाकडे न्या. गाडीही आली होती. धाकटी सून आशा सेविका आहे, ती दारात आडवी उभी राहिली. "आधी दवाखाना, मग देव," म्हणाली. म्हणून अण्णा आज आहेत. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "एकदम बंद करायला कुणी सांगितलं?" आम्ही खाली बघत उभे राहिलो.

डॉक्टरांनी मग नीट समजावले. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावलेला असतो. ती एकाएकी तोडली की काही तासांत थरकाप सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो. सगळ्यांनाच हे होते असे नाही, पण ज्याला होते तो उपचाराविना दगावू शकतो. दवाखान्यात शामक औषधे देऊन ती टप्प्याटप्प्याने कमी करतात, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात. बहुतेकांचा त्रास आठवड्याभरात उतरतो. तेव्हा ज्याला सकाळी उठल्यावर घ्यावीच लागते, त्याने घरच्या घरी शपथेवर बंद करू नये. आज दारू, उद्या दवाखाना, असेही करू नये. ठरवले त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. माळेला आमची ना नाही. ती दवाखान्यातून आल्यावर घालता येते.

दुसरे, चहातून किंवा कालवणातून गुपचूप देण्याच्या पुड्या. आमच्या माताभगिनी काकुळतीला येऊन हे करतात, त्यांना दोष कसा द्यावा? पण डायसल्फिराम नावाची गोळी दारूशी जुळली की रक्तदाब पार खाली जातो, हृदयावर ताण येतो. ती पेशंटच्या माहितीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. पुडीत काय आहे हे तर विकणाराही सांगत नाही.

अंगातली दारू उतरली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. बुडखे जमिनीत आहेत तोवर फुटवा येणारच, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे! पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केले. तिथे व्यसनी माणसाला पेशंट मानतात. औषधोपचाराबरोबर गटात बसवून बोलते करतात आणि घरच्यांनाही बोलावतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत एका शेअर दलालाने आणि एका शल्यविशारदाने सुरू केली. आपल्याकडेही अनेक गावांत त्यांच्या बैठका भरतात. फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. पिणारा तयार नसेल तर घरच्यांनी थांबून राहू नये. त्यांच्यासाठी अल-अनॉनच्या वेगळ्या बैठका असतात.

अण्णा महिनाभर एका केंद्रात राहून आले. २०२४ च्या बेंदराला पाहुण्यांत बसले आणि घसरले. आम्हाला वाटले, संपले. पण सुनेने आरडाओरडा केला नाही, सकाळी केंद्राला फोन लावला. चार दिवसांत अण्णा पुन्हा बैठकीला. आता दर आठवड्याला तालुक्याला जातात, एकटेच, मोटारसायकलवर. वहिनी त्यांच्या वेगळ्या बैठकीला जातात. उसाचे बिल दोघांच्या जोडखात्यावर घेतले आहे, तेही अण्णांनीच सुचवले. यंदाच्या खोडव्याला पाचट ठेवले आहे, आम्ही न सांगता.

१४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी केंद्र शासनाचा मोफत फोन क्रमांक आहे. जवळची बैठक, केंद्र किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग यांची चौकशी करायची असल्यास गट ऑफिसात आम्हाला भेटावे. शिपायाला काम सांगू नये, नुसते "प्लॉट बघायला चला" म्हणावे. आम्ही समजून घेऊ. वहीत नाव लिहिले जाणार नाही.