दिव्यावरचा करडा पतंग

आषाढाच्या पहिल्या पावसानंतर साखरखेर्ड्यास आमच्या ओसरीवरील दिव्याभोंवतीं जे नाना किडे जमतात, त्यांत एक लहानसा करडा पतंग असतो. पंख पसरले तरी अर्ध्या-पाऊण इंचाहून मोठा नाहीं. बसला म्हणजे भिंतीवर धुळीचा ठिपका वाटावा. मुलें त्याच्याकडे पाहात नाहींत, आणि आम्हींहि पुष्कळ वर्षें पाहिलें नाहीं. पण कपाशीच्या बोंडांत जी गुलाबी अळी निघते, तिचा जनक हाच.

१८४२ सालीं तो भडोच येथील कपाशीवर सांपडला आणि सॉण्डर्स नांवाच्या इंग्रज पंडितानें त्याचें वर्णन केलें. पुढें १९१७ सालीं त्याच्या गणास पेक्टिनोफोरा हें नांव मिळालें. मस्तकावरील स्पर्शसूत्रांच्या बुडाशीं राठ केसांची इवलीशी फणी असते, तिच्यावरून हें नांव. आम्हीं आपल्यापुरतें त्याचें संस्कृत ‘कंकतधर’ असें करून ठेविलें आहे. घरांतील मंडळी हंसतात, हंसोत बापडीं!

मादी रात्रीं पात्या, फुलें व कोंवळीं बोंडें यांवर शंभर-दोनशें अंडीं घालते. चार-पांच दिवसांत अळी निघून आंत शिरते, आणि शिरल्याचें छिद्र बुजून जातें. बाहेरून बोंड निरोगी, आंत सरकी पोखरलेली! फवारा पानांवर पडतो. चोर दार लावून आंत जेवीत असतो. फुलांत शिरली तर ती पाकळ्या रेशमानें शिवून टाकते. अशा न उमललेल्या फुलास शेतकरी डोमकळी म्हणतात.

हंगामाच्या अखेरीच्या कांहीं अळ्या मात्र पतंग होण्याची घाई करीत नाहींत. दोन सरक्या एकमेकींस जोडून त्या आंत निजतात, त्या पुढील पावसाळ्यापर्यंत. लवकर उठलेले पतंग शेतांत पात्या नसल्यामुळें निपुत्रिक मरतात. उशिरां उठणाऱ्यांस ताट वाढलेलें मिळतें.

२००२ सालीं बीटी कपाशी आली, तेव्हां प्रश्न मिटला असें वाटलें. २०१० सालीं गुजराथेंत अळीनें तें विष पचविल्याचें उघड झालें. २००६ पासूनचें दुहेरी विषाचें वाणहि पुरलें नाहीं, आणि २०१७ सालीं विदर्भांत शेतेंच्या शेतें किडलीं. त्या वर्षीं आमचा वाटेकरी कवडी कापूस ओट्यावर ओतून मुकाट बसला. आम्हीं त्यास पेरणीपासून औषधापर्यंत शंभर प्रश्न विचारिले.

फाल्गुनांत त्याच शेतांतील पऱ्हाटी नेहमीप्रमाणें बंबाच्या सरपणासाठीं आमच्या परसांत रचली गेली. सहज एक वाळलें बोंड फोडलें, तों आंत जोडसरकी, आणि तींत गुलाबी जीव निजलेला! वाटेकऱ्यास विचारलेल्या शंभर प्रश्नांत हा एक राहिला होता.

कुटुंबाचें म्हणणें, “जाळायचीच ना? मग आज काय नि श्रावणांत काय?” मधल्या आषाढाची गोष्ट समजाविली तेव्हां गंजी चैत्रांतच जाळून संपविण्याचें ठरलें, आणि पावसाळ्यासाठीं बाभळीचें सरपण आणविलें. वाटेकऱ्यासहि बोलावून तें बोंड दाखविलें. त्यानें तें बराच वेळ हातांत फिरविलें आणि म्हणाला, “गुर्जी, आमच्या घरामागंबी हेच हाये.”