सिस्टरमधली सुईण

रात्रीचे पावणेबारा. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, मोबाइलला जेमतेम एक दांडी. आणि आमची ताई दारात उभी राहून म्हणतेय, ‘पाणी गेलंय गं.’

मी मठ्ठासारखं मोरीतल्या नळाकडे पाहिलं!

ताई म्हणजे माझी मामेबहीण. हिंजवडीला आयटीत टीम लीड, आणि बाळंतपणाचीसुद्धा एक्सेल शीट करणारी बाई. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा मामीचा हट्ट म्हणून ती रिसोडला आली होती. हॉस्पिटल मात्र अकोल्याचं, एसी रूमसकट बुक केलेलं. तारखेला अजून नऊ दिवस होते. मी तिला कंपनी द्यायला, आणि जमलंच तर पिंगळाक्षी देवीच्या देवळावर एखादा लेख काढायला गेले होते. (फ्रीलान्सर माणूस ट्रिप वाया घालवत नाही.)

रिसोड माहीत नसेल तर सांगते. वाशिम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, जुनं नाव ऋषिवट, चहूकडे सोयाबीन, रेल्वे नाही. वाशिम चाळीसेक किलोमीटरवर, अकोला त्याहून बरंच पुढे. अशा पावसात अकोला? विसरा. मामाने 102 नंबर फिरवला आणि साडेबाराला आम्ही सरकारी दवाखान्यात पोचलो. ताई अँब्युलन्समध्ये कळा आणि संताप एकदमच सोसत होती. एवढं सगळं ठरवून शेवटी इथे?

लेबर रूमच्या दारात सिस्टर उभ्या होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, पायात स्लिपर, केसांना घट्ट आंबाडा. सोबतीला एका बाईला आत थांबता येतं, केंद्र सरकारनेच 2016 मध्ये तशी सूचना काढली आहे. मामीचं बीपी वाढलेलं, म्हणून मी पुढे झाले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘तुले पोर हाय का?’

‘नाही.’

‘लगन?’

‘नाही.’

‘बरं. चक्कर आली तं खाली बस. मले सांगत बसू नको.’

एवढ्यात माझं ओरिएंटेशन संपलं.

पुढचे सहा तास मी जे पाहिलं, ते एकाही सिनेमात दाखवत नाहीत. सिनेमात बाई किंचाळते, डॉक्टर पळत येतात, कट, बाळ. इथे कोणीच पळत नव्हतं. सिस्टरनी तपासलं : पाच सेंटिमीटर. गेलेलं पाणी स्वच्छ आहे ना, ते पाहिलं. डॉक्टर एकदा येऊन बघून गेले, ‘ठीक चाललंय, लागलं तर बोलवा’ म्हणाले. मग सुरू झाली वाट पाहणं नावाची नोकरी. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके. पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा येतात आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकते, याची मोजणी. आणि सगळं एका कागदावर.

त्या कागदाला ‘पार्टोग्राफ’ म्हणतात. त्यावर दोन तिरप्या रेषा असतात. पहिली सावध करणारी : साधारण तासाला एक सेंटिमीटर या हिशेबाने काढलेली. दुसरी तिच्यापुढे चार तासांवर, म्हणजे आता काहीतरी करायलाच हवं. तपासणीची खूण पहिल्या रेषेच्या उजवीकडे सरकली, तर मोठ्या दवाखान्यात हलवायची तयारी करायची. आपण ऑफिसात प्रोजेक्ट ट्रॅकर भरतो ना, तसंच. फक्त इथे डेडलाइन हुकली तर क्लायंट रागावत नाही, जीव जातो.

तीनच्या सुमारास कळा मंदावल्या. ताई दमून गेली होती. सिस्टरनी फोनवर डॉक्टरांना कळवलं, अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला जागं राहायला सांगितलं. माझ्या पोटात गोळा आला. मनात वाशिमचा चाळीस किलोमीटरचा रस्ता, त्यातले खड्डे आणि पाऊस. सिस्टरनी ताईच्या ओटीपोटावर हात फिरवला आणि विचारलं, ‘लघवीले कधी गेली होतीस वं माय?’

गेलीच नव्हती. लाजेने, भीतीने, कुणास ठाऊक. भरलेली लघवीची पिशवी बाळाच्या डोक्याची वाट अडवते, हे आमच्या एक्सेल शीटमध्ये नव्हतं!

‘चाल, उठ. आधी जाऊन ये, मंग पाच चकरा मार. कायले घाबरते? मी हाय ना.’

एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने सिस्टर. त्या बारक्या कॉरिडॉरमध्ये आम्ही तिघी मॉर्निंग वॉक केला. मध्येच पाणी, मध्येच गूळ घातलेला चहा. कळ आली की ताई सिस्टरच्या गळ्याला लटकायची आणि त्या तिची कंबर चोळायच्या. कळा पुन्हा जोर धरू लागल्या. साडेचारची खूण बरोब्बर रेषेवर पडली. सिस्टरनी ती दोनदा पाहिली, फोन हातात घेतला, डॉक्टरांना सांगितलं, ‘थांबते आहे, सर.’ माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात अवघड काम तेच होतं. पाठवून दिलं असतं तर त्यांना कुणी काही बोललं नसतं.

सहा वाजता त्या म्हणाल्या, ‘डोकं दिसून राह्यलं. आता लाव जोर.’ सहा-दहाला मुलगी झाली. पुसून थेट ताईच्या पोटावर. मिनिटाच्या आत ताईच्या मांडीत एक इंजेक्शन (ऑक्सिटोसिन, जास्त रक्तस्राव होऊ नये म्हणून). नाळ लगेच कापली नाही, तिच्यातली धडधड थांबू दिली. मी तेव्हा खाली बसलेले होते. सांगितलं नाही.

नंतर चहा पिताना त्यांना विचारलं, ‘तुम्ही नर्स आहात की सुईण?’ त्या हसल्या. सर्टिफिकेटवर दोन्ही आहे म्हणाल्या. खरंच की! जीएनएममधला शेवटचा ‘एम’ मिडवाइफरीचा, एएनएममधला मिडवाइफचा. नोंदणी होते ती ‘रजिस्टर्ड नर्स’ आणि ‘रजिस्टर्ड मिडवाइफ’ म्हणून. आपण मात्र सगळ्यांना सरसकट ‘सिस्टर’ करून तो ‘एम’ गिळून टाकलाय. ‘नाव नको छापू वं,’ हेही त्यांनी बजावलं, म्हणून नाही छापलं.

परदेशात हे भलतंच कूल समजलं जातं. 2015 मध्ये लंडनला राजकन्या शार्लटचा जन्म झाला, तेव्हा बाळंतपण मिडवाइव्ह्जनी केलं, डॉक्टर बाजूला तयारीत होते. म्हणजे रिसोडचीच सिस्टीम, फक्त बाहेर कॅमेरे! आपल्याकडे 2018 मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं आणली : नर्सना 18 महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण देऊन नॉर्मल बाळंतपणं स्वतंत्रपणे सांभाळू द्यायची. तेलंगणाने तर 2017 मध्येच सुरुवात केली होती. आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दवाखान्यात होणारी बाळंतपणं 2005-06 मध्ये सुमारे 65 टक्के होती, 2019-21 मध्ये जवळपास 95. मस्तच. पण त्याच पाहणीत सिझेरियन चारात एक. सिझेरियन जीव वाचवतं, त्याबद्दल वादच नाही. पण कळ सोसणाऱ्या बाईजवळ सहा तास बसणारं माणूस कुठून आणायचं, हा प्रश्न उरतोच. एका ड्यूटीत एकीच्या ऐवजी चौघी आल्या तर? सिस्टरनी नुसतेच खांदे उडवले.

दोन दिवसांनी जीजाजी पुण्याहून येऊन थडकले आणि पहिला प्रश्न, ‘बिल काउंटर कुठेय?’ सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, जेवण, घरी सोडणं, सगळं मोफत. 2011 पासून तशी योजनाच आहे. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

घरी आल्यावर आजीने तिच्या दाईची गोष्ट सांगितली. आजीची पाचही मुलं तिनेच सोडवली. वार पडेपर्यंत हलायची नाही. तिचे हात पोटापर्यंत चालायचे, पण नंतर तिला पाणी द्यायचं ते वरून, लांबून. नाळ कापणं म्हणजे विटाळ, म्हणून ते काम गावाने ठरावीक जातींच्या बायकांवर टाकलेलं. ‘तवा काई वाटत नव्हतं,’ आजी म्हणाली आणि बराच वेळ गप्प राहिली. ‘आता वाटते.’

बाळाच्या जन्मदाखल्यावर आई-बापाचं नाव येईल, जागा येईल, तारीख येईल. बाळ हातात झेलणारीचं नाव तिथे नसतं. ताईने हे शोधून काढलं आणि तिला ते अजिबात पटलेलं नाही. एक्सेल शीटवाली बाई आहे, तिला रिकामा कॉलम सहन होत नाही.

पाचवीला आजीने सुईणीचा मान म्हणून साडी, खण, नारळ काढून ठेवला. तो घेऊन मामी आणि मी दवाखान्यात गेलो. सिस्टर रात्रभर जागून नुकत्याच बाहेर पडत होत्या. साडी त्यांनी परत केली, ‘सरकारी नोकरी हाय माय, घेता येत नाही.’ नारळ मात्र घेतला, तिथल्याच पायरीवर फोडला, आणि आत नवी आलेली बाई कितव्या सेंटिमीटरवर आहे ते दिवसपाळीच्या सिस्टरना सांगत सांगत सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं.