पास देण्याआधी झेलायला शिकवा

संध्याकाळी विहाराच्या पटांगणात मुलामुलींना बास्केटबॉल शिकवणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांसाठी आजचे आरोग्य पान. या मुलांची जी दुखापत आमच्यापर्यंत येते ती बहुधा एकच, सुजलेले बोट. ते बोट पास देणाऱ्याचे नसते, घेणाऱ्याचे असते. म्हणून पास शिकवायला सुरुवात झेलण्यापासून करावी, असे आमचे मत आहे.

बोटे चेंडूकडे रोखली की चेंडू थेट टोकावर आदळतो. बोटे वर आणि मोकळी फाकलेली हवीत, अंगठे एकमेकांकडे, कोपरे किंचित वाकलेली. चेंडू लागताच हात छातीकडे घ्यावेत, म्हणजे धक्का बोटांत न राहता कोपर-खांद्यांत जिरतो. ज्याने हात दाखवले नाहीत त्याला पास द्यायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

मग देणे. चेंडू छातीशी धरून एक पाऊल पुढे टाकायचे आणि हात सरळ करत ढकलायचा. सुटल्यावर अंगठे जमिनीकडे वळलेले दिसले की पास बरोबर गेला. लहानांना टप्पा पास आधी द्या. दोघांमधल्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांशावर टप्पा पडला की चेंडू मंद होऊन कमरेशी येतो.

चेंडूही पाहा. पुरुषांचा सात नंबरचा चेंडू अर्धा किलोहून जड असतो, तो दहा वर्षांच्या पोराच्या हाती देऊ नका. मुलींसाठी सहा नंबर, बारा वर्षांखाली पाच नंबर. एकच घेण्याइतकी वर्गणी जमली असेल तर पाच नंबरचाच घ्या, मोठ्यांचे काही बिघडत नाही.

1891 मध्ये अमेरिकेत जेम्स नाइस्मिथ यांनी हा खेळ तयार केला तेव्हा चेंडू घेऊन पळायला बंदीच होती. जिथे झेलला तिथूनच तो फेकायचा. रोज दहा मिनिटे ड्रिबल बंद करून असेच खेळवा. नाहीतर दोन धिप्पाड पोरे खेळतात, मुली नुसत्या धावतात आणि महिन्याभरात यायच्या बंद होतात. व्यायामाची गरज त्यांनाही तेवढीच आहे.

एवढे करूनही बोट दुखावले तर ते ओढू नका, चोळू नका. सूज चढण्याआधी अंगठी काढा. फडक्यात बर्फ गुंडाळून 15 ते 20 मिनिटे धरा. बोटाचे शेवटचे पेर खाली लोंबत असेल आणि आपणहून सरळ होत नसेल, तर ते सरळ ठेवणारी शीर तुटलेली असू शकते. तिला सहा ते आठ आठवडे रात्रंदिवस आधारपट्टी लागते. “बोट हलतंय म्हणजे मोडलं नाही” असे सांगणारे कोणीतरी प्रत्येक वस्तीत असतेच. ते खरे नाही. वाढत्या वयात सांध्याजवळचे हाड मोडूनही बोट हलू शकते. सूज मोठी असेल किंवा बोट वाकडे दिसत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि एक्स-रे काढून घ्या.