फराळाचे ताट आणि वजनाचा काटा

चातुर्मास लागला की आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांत धर्माच्या संकल्पाबरोबरच वजन उतरविण्याचाही संकल्प सोडला जातो. आणि सोमवार, चतुर्थी, एकादशी निष्ठेने पाळूनही कार्तिकीपर्यंत कमरेचा घेर तसूभर हटला नाही, म्हणजे सारा दोष प्रकृतीच्या, वयाच्या किंवा आनुवंशिकतेच्या माथी मारला जातो. या तिन्हींचा अंमल शरीरावर चालतो, हे निर्विवाद होय; तथापि पुष्कळदा खरे कारण याहून जवळ, समोरच्या ताटातच असते, आणि ते दाखविताना कोणाच्याही श्रद्धेला बाध आणण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही.

साबुदाणा हा कंदापासून काढलेले जवळजवळ निव्वळ पिष्ट असून 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 350 उष्मांक असतात, प्रथिने मात्र नाममात्र. 75 ग्रॅम साबुदाणा, 25 ग्रॅम दाण्याचे कूट, मोठा चमचाभर तूप आणि लहानसा बटाटा एवढ्या सामग्रीची खिचडी सुमारे साडेपाचशे उष्मांकांची होते. आणि दोन फुलके, वाटीभर वरण, बेताच्या तेलातली पालेभाजी व कोशिंबीर असे रोजचे साधे जेवण, जे उपवास म्हणून आपण वर्ज्य केले, ते बहुधा चारशेच्या आसपास भरते आणि डाळीमुळे पोटाला अधिक वेळ आधारही देते. खिचडीमागून दुपारी दाण्याची आमटी व वऱ्याचे तांदूळ, चहाबरोबर बटाट्याचा कीस आणि रात्री राजगिऱ्याचा लाडू आला, म्हणजे ज्या दिवशी आपण संयम केला असे अंतःकरणपूर्वक वाटते, त्याच दिवशी शरीराच्या खात्यावर इतर दिवसांहून अधिक जमा पडलेली असते. ईश्वराच्या सान्निध्यात राहणे हा ज्या व्रताचा मूळ आशय, त्याच्यावर वजनाची जबाबदारी टाकणे हेच मुळात गैर आहे, असे मला वाटते.

खाल्लेल्याचा अंदाज चुकणे हा तर सार्वत्रिक मनुष्यस्वभाव आहे. 1992 साली अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असणाऱ्या स्थूल व्यक्तींचा प्रत्यक्ष आहार व श्रम त्यात मोजले असता, त्यांनी आहार सरासरी 47 टक्क्यांनी कमी आणि श्रम 51 टक्क्यांनी अधिक सांगितल्याचे आढळले, शरीराचा ऊर्जाव्यय मात्र मंदावलेला नव्हता. ही माणसे असत्य बोलत होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुलांच्या ताटात उरलेला घास, फोडणीत हात सैल सोडून ओतलेले तेल, कार्यालयातल्या वाढदिवसाचा पेढा यांची नोंद कोणाचेच मन ठेवीत नाही. पासष्ट किलो वजनाचा मनुष्य तासभर झपझप चालला, तर साधारण 250 उष्मांक खर्च होतात, आणि परतताना घेतलेल्या दोन मुठी खाऱ्या दाण्यांत तेवढे सहज भरून निघतात.

दुसऱ्या टोकाचा प्रमाद अधिक घातक. लग्न तोंडावर आले म्हणून महिनाभर काकडी आणि ताकावर राहणाऱ्या तरुण मुली मी पाहतो, तेव्हा खरोखर व्यथित होतो. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने उतरतो तो मुख्यतः पाण्यामुळे, कारण यकृतात व स्नायूंत साठविलेल्या शर्करेबरोबर तिच्या तिप्पट पाणीही बाहेर पडते. पुढे शरीर खर्चाला कात्री लावते. 1944-45 साली मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण विश्रांतीतील ऊर्जाव्ययही सुमारे 40 टक्क्यांनी घसरला, अन्नाचे विचार त्यांना अहोरात्र छळू लागले, आणि पूर्ववत आहार मिळाल्यावर मेद पूर्वीहूनही अधिक साठला.

या प्रश्नाचा एक पैलू खास आपला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले, उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, परंतु युडकिन यांच्या अंगी मेद 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी 21.2 टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात स्नायू थोडे व पोटाभोवती मेद फार असू शकतो. म्हणून केवळ काट्यावर विसंबणे ही मोठीच चूक, आणि प्रथिनांवाचून केलेल्या उपासमारीत आधीच तुटपुंजे असलेले स्नायूच झिजविणे ही त्याहून मोठी. साधी मोजपट्टी इथे अधिक खरे सांगते: पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही कमरेच्या घेराची आपल्याकरिता मानलेली मर्यादा आहे.

चरकसंहितेने स्थूलास कृश करण्यासाठी पचनाला जड पण पोषणास हलके अन्न सांगितले असून यव, मूग, कुळीथ यांची शिफारस केली आहे. कुळथाचे पिठले, मुगाची उसळ, हाताशी येईल ती पालेभाजी ही सामग्री आपल्या स्वयंपाकघराला परकी नाही, आणि तीच नित्याची ठेवून ताटातले तेल व भात थोडा आवरणे, बाजारात पायी जाणे, आठवड्यातून दोनतीनदा जोर-बैठका काढणे एवढे वर्षानुवर्षे चालणारे आहे. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून उपवास करू नये. रक्तातील साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते.