एकदाच भरलेले तीस हजार

अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातला एखादा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असताना फौजेत भरती झालेला असतो. सतरा वर्षे नोकरी करून तो शिपाई म्हणून पेन्शनवर येतो, तेव्हा त्याचे वय असते पस्तीस-छत्तीस. त्याच्या वर्गात बसलेला मित्र गावच्या शाळेत मास्तर असेल, तर त्याची अजून वीस-बावीस वर्षे नोकरी बाकी असते. हा मात्र ‘माजी सैनिक’ झालेला असतो. रक्तदाब, साखर, गुडघे, मोतीबिंदू, हृदय ही सगळी दुखणी अजून पुढे यायची असतात. घरी निघताना त्याच्याकडून एकदाच तीस हजार रुपये कापून घेतले जातात. मग तो ऐंशी वर्षे जगो की नव्वद, बायपास होवो की गुडघ्याचा सांधा बदलावा लागो, दुसरा हप्ता त्याला कोणी मागत नाही.

आरोग्य विम्याचा फॉर्म कधी भरला असेल, तर यातले नवल तुमच्या लगेच ध्यानात येईल. विमा कंपनी आधी वय विचारते. मग आधीचे आजार विचारते, दरवर्षी नूतनीकरण मागते आणि वय वाढेल तसा हप्ता वाढवते. खर्चाला वरची मर्यादा असतेच. माजी सैनिकांच्या योजनेत यातला एकही प्रश्न नाही. वर्गणी ठरते ती हुद्द्यावर. डिसेंबर २०१७पासूनचे दर असे : रिक्रूटपासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,०००. त्याप्रमाणे खाट जनरल वॉर्डात, सेमी-प्रायव्हेटमध्ये की प्रायव्हेट खोलीत मिळणार, एवढाच फरक. शस्त्रक्रिया शिपायाची आणि कर्नलची एकाच टेबलावर होते.

या योजनेचे नाव एक्स-सर्व्हिसमेन कॉन्ट्रिब्युटरी हेल्थ स्कीम. गावात तिला सगळे ईसीएचएसच म्हणतात. ती १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. त्याआधी काय होते? गणवेश अंगावर असेपर्यंत लष्करी रुग्णालय हक्काचे. गणवेश उतरला की तिथे जागा आणि सोय असेल तेवढीच. १९९७पासून निवृत्तांना महिन्याला १०० रुपये वैद्यकीय भत्ता मिळू लागला. शंभर रुपयांत साखरेच्या गोळ्या तरी किती दिवस पुरणार?

त्यात लष्करी रुग्णालये असतात ती छावण्यांच्या गावी : पुणे, देवळाली, अहिल्यानगर, कामठी. तेल्हाऱ्याहून कामठी अडीचशे किलोमीटरपेक्षा जास्त. वऱ्हाडात छावणी कधी नव्हतीच असे नाही. परतवाड्याला निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ती उठली. आणि लढाई म्हणाल, तर तीही या तालुक्याने पाहिली आहे. तेल्हारा तालुक्यातले अडगाव म्हणजेच इंग्रजी इतिहासातले ‘आरगाव’. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या सैन्याचा इथे पराभव केला. पुढच्या महिन्यात गाविलगड पडला आणि देवगावचा तह झाला. या मातीत पडलेल्या आणि जायबंदी झालेल्या हजारो माणसांचे पुढे काय झाले असेल, हा विचार अडगावच्या शिवारातून जाताना मला नेहमी छळतो. त्या लढाईला दोनशे वर्षे होत आली, त्याच वर्षी ईसीएचएस सुरू झाली. हा निव्वळ योगायोग, पण मनातून जात नाही.

लढणाऱ्याची जबाबदारी राज्याने घ्यावी, ही कल्पना नवी नव्हे. मराठेशाहीत लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना बालपरवेशी, म्हणजे निर्वाहाची नेमणूक, मिळत असे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६७०मध्ये पॅरिसला जखमी आणि म्हाताऱ्या सैनिकांसाठी ‘इन्व्हॅलिद’ ही प्रचंड वास्तू उभारायचा हुकूम काढला. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६८२मध्ये चेल्सीचे रुग्णालय उभारायला घेतले. युरोपातल्या या दोन्ही वास्तूंचा हिशेब एकच होता : सैनिकाने आपले घर सोडून इथे येऊन राहावे. ईसीएचएसने नेमके उलटे केले. सैनिक आपल्या गावी राहील आणि उपचाराचा हक्क त्याच्या मागे गावी जाईल, असे ठरवले. मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

हे जमवले कसे? ईसीएचएसने स्वतःची मोठी रुग्णालये बांधलीच नाहीत. तिची पॉलिक्लिनिक आहेत. तिथे डॉक्टर, दातांचा डॉक्टर, तपासणी आणि औषधे मिळतात, पण रुग्णाला ठेवून घ्यायच्या खाटा नाहीत. सुरुवातीला देशभर २२७ पॉलिक्लिनिक मंजूर झाली, आज ती सव्वाचारशेहून अधिक आहेत. तिथे काम करायला माजी सैनिकांना प्राधान्य मिळते, त्यामुळे खिडकीपलीकडचा माणूसही बऱ्याचदा युनिट आणि पोस्टिंग विचारणाराच असतो. मोठ्या उपचारासाठी पॉलिक्लिनिकचा डॉक्टर रेफरल देतो आणि रुग्ण यादीवरच्या खासगी रुग्णालयात जातो. तेल्हाऱ्याच्या माणसाला यासाठी अकोला गाठावे लागते. तेल्हाऱ्याला रेल्वे नाही. म्हणजे सकाळची एसटी, नाहीतर मुलाची मोटारसायकल.

आता बिलाचा प्रवास पाहा, कारण खरी किमया तिथे आहे. समजा एका निवृत्त नायकाच्या छातीत दुखू लागले आणि रेफरल घेऊन तो मोठ्या शहरातल्या यादीवरच्या रुग्णालयात दाखल झाला. अँजिओप्लास्टी झाली. डिस्चार्जच्या दिवशी तो कागदांवर सही करतो आणि घरी येतो. त्याचे काम संपले. इकडे रुग्णालय केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, बसवलेल्या स्टेंटचा तपशील संगणकावरून पाठवते. एक स्वतंत्र संस्था ते बिल ओळीने तपासते. २०१२पासून हे काम यूटीआय-आयटीएसएल या कंपनीकडे आले. कोणत्या उपचाराचे किती पैसे द्यायचे, हे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या सीजीएचएसच्या दरांवरून ठरते. रुग्णालयाने त्याहून जास्त लावले, तर ते कापले जाते. मग प्रादेशिक केंद्राची मंजुरी आणि शेवटी पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात. रुग्णाला या रकमेचा आकडा बहुतेक वेळा कळतही नाही. असे अर्ध्या कोटीहून अधिक लोकांसाठी चालते. काठमांडू, पोखरा आणि धरान इथल्या पॉलिक्लिनिकांमधून नेपाळमधल्या निवृत्त गोरखा सैनिकांसाठीही चालते.

तीस हजारांत हे भागते का? अर्थातच नाही. योजनेच्या नावात वर्गणी असली तरी मुख्य भार सरकारी तिजोरीवर आहे. २०२५-२६च्या संरक्षण अर्थसंकल्पात ईसीएचएससाठी ८,३१७ कोटी रुपये ठेवले होते. आणि हा पैसा खर्च होतो तो केवळ सैनिकावर नाही. पत्नी आहे. पंचविशीच्या आतला, अविवाहित आणि न कमावणारा मुलगा आहे. लग्न किंवा नोकरी होईपर्यंत मुलगी आहे. विधवा किंवा घटस्फोटित होऊन माहेरी परतलेली, पोटापाण्याचे साधन नसलेली मुलगी आहे. अपंग अपत्याला वयाची अट नाही. आणि आईवडील आहेत, त्यांचे उत्पन्न दरमहा ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी असले की झाले. सत्तरीतल्या म्हाताऱ्या आईला सून-मुलाच्या विम्यात घ्यायला किती कंपन्या राजी होतील? कापसाच्या पट्ट्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून एक मुलगा फौजेत जातो आणि त्याच्यामुळे मागच्या पिढीलाही आधार मिळतो.

या भागात तो आधार किती मोलाचा आहे, हे खारपाणपट्ट्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत जमिनीखालचे पाणी खारट आहे. तेल्हारा तालुक्याचा मोठा भाग याच पट्ट्यात येतो. वान धरणाचे गोडे पाणी आणणारी ८४ खेडी योजना याच तहानेपोटी झाली. मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार इकडे जुनी आहे. किडनी निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला बसावे लागते, तेही वर्षानुवर्षे. एखाद्या घराची दोन एकर जमीन त्यात सहज जाते. ज्या घरात ईसीएचएसचे कार्ड आहे, त्या घराची जमीन वाचते.

सगळे सुरळीत आहे असे मी म्हणणार नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५मध्ये या योजनेवर स्वतंत्र अहवाल दिला आणि त्यात औषधांच्या टंचाईवर बोट ठेवले. रुग्णालयांची बिले थकली की ती रुग्ण घ्यायला नाखूश होतात, ही तक्रार आजही ऐकू येते. पण गावपातळीवर मला सर्वांत जास्त सलते ती अडचण पैशाची नाही, नावाची आहे. फौजेत माणसाचे लग्न, मुलांचे जन्म यांची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ने होते. कार्ड त्याच नोंदीवर निघते. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलते. मग डिस्चार्ज बुकात एक नाव, आधारवर दुसरे, पेन्शनच्या पीपीओत तिसरे. नवरा हयात असेपर्यंत कोणाच्या ते लक्षात येत नाही. तो गेल्यावर मात्र ती बाई अडते. दुरुस्तीसाठी कागद जातात ते रेकॉर्ड ऑफिसला : महार रेजिमेंट असेल तर सागरला, मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगावला. साठीतल्या बाईने तेल्हाऱ्याहून सागरशी पत्रव्यवहार करायचा! अकोल्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यात मदत करते, पण तिथे जायचे हे तिला आधी कोणीतरी सांगावे लागते.

दुसरी गोष्ट जुन्या सैनिकांची. २००३नंतर निवृत्त झालेल्यांना सदस्यत्व सक्तीचे आहे, त्यांची वर्गणी आपोआप कापली जाते. त्याआधी घरी आलेल्यांना स्वतः अर्ज करावा लागतो. १ जानेवारी १९९६पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात पती गमावलेल्या वीरपत्नींना वर्गणी माफ आहे. म्हणजे १९७१ची लढाई लढलेला म्हातारा एक पैसाही वर्गणी न भरता सदस्य होऊ शकतो. पण अर्ज भरलाच नसेल, तर तो योजनेबाहेर.

आणि तिसरी गोष्ट आजच्या मुलांची. २०२२पासून अग्निपथ योजनेत भरती होणारे अग्निवीर चार वर्षांनी बाहेर पडतील. कायम होणाऱ्या २५ टक्क्यांपर्यंतच्या मुलांना सोडले, तर बाकीच्यांना पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरांना हे आधीच ठाऊक असले पाहिजे. माझे मत विचाराल तर, लढायला शिकवलेल्या माणसाच्या आजारपणाचा प्रश्न चार वर्षांत संपत नाही, आणि आज ना उद्या सरकारला याकडे पुन्हा पाहावे लागेल.

तुमच्या घरात, शेजारात किंवा वाड्यावर एखादा जुना फौजी, त्याची विधवा, त्याचे आईवडील असतील, तर एक दिवस काढून त्यांची कागदपत्रे पाहा. कार्ड आहे का, पत्नीचे नाव सगळीकडे एकसारखे आहे का, आईवडिलांची नावे जोडली आहेत का, एवढे तपासा. नसेल तर अकोल्याला घेऊन जा. आणि अचानक काही झाले, साप चावला, झटका आला, तर यादीतले रुग्णालय शोधण्यात वेळ घालवू नका. जवळच्या कोणत्याही रुग्णालयात न्या आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. बिल आधी खिशातून भरावे लागले तरी सरकारी दराने पैसे परत मिळतात.