व्हिडिओ गेम संगणकाच्या पडद्यावर

घरात टीव्ही एक आणि तो हवा असणारे चौघे, ही अडचण कोल्हापुरातल्या घरांना नवी नाही. संध्याकाळी मालिका सुरू झाली, की मुलांचा व्हिडिओ गेम कपाटात जातो. त्याच घरात कोपऱ्यात संगणकाचा जुना मॉनिटर धूळ खात असतो. मग प्रश्न येतो, ‘काका, गेम याला नाही का जोडता येणार?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की उत्तर जरा सविस्तरच सांगतो. जोडता येतो, पण आधी दोन्हींच्या पाठीमागची सॉकेट नीट पाहायला हवीत. नाहीतर केबलवर पैसे जातात आणि पडदा काळाच राहतो.

दिसायला टीव्ही आणि मॉनिटर सख्खे भाऊ. फरक कुठे आहे, हे आपल्या उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्याला चटकन कळेल. नट आणि बोल्ट एकाच मापाचे दिसतात. पण एकाचे आटे इंची आणि दुसऱ्याचे मिलिमीटरचे असले, तर ते एकमेकांत बसत नाहीत. इथेही तसेच आहे.

आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत दूरदर्शन आले, ते ‘पाल’ पद्धतीचे. त्यात एक चित्र ६२५ ओळींचे आणि सेकंदाला अशी २५ चित्रे. आधी विषम ओळी रेखायच्या, मग सम. गुणाकार केला, तर सेकंदाला १५,६२५ ओळी होतात. संगणकावरची बारीक अक्षरे मात्र हातभर अंतरावरून वाचायची. तिथे लुकलुक चालत नाही. म्हणून आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या ‘व्हीजीए’ पद्धतीत सेकंदाला सुमारे ३१,५०० ओळी, म्हणजे जवळजवळ दुप्पट ठेवल्या.

कॅसेट घालून खेळायचे जुने गेम टीव्हीसाठीच बनलेले. त्यांच्या एका पिवळ्या पिनेतून रंग, उजेड आणि ओळ कुठे सुरू होते याची खूण, सगळे एकत्र कालवून येते. व्हीजीएच्या १५ पिनांच्या सॉकेटला लाल, हिरवा, निळा असे रंग वेगवेगळ्या तारांतून लागतात. तेव्हा एका टोकाला पिवळी पिन आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी नुसती केबल कोणी दिली, तरी घेऊ नका. जोड बसेल, पण चित्र येणार नाही.

मधे दुभाषा लागतो. आलेले चित्र तो आपल्या स्मृतीत साठवतो, रंग सुटे करतो आणि दुप्पट वेगाने मॉनिटरला देतो. २००० नंतरच्या काही वर्षांत केबलचे कार्यक्रम मॉनिटरवर पाहण्यासाठी अनेकांनी टीव्ही ट्यूनर बॉक्स घेतले होते. ते हेच काम करतात. माळ्यावर एखादा चालू स्थितीत असेल आणि त्याला पिवळे सॉकेट असेल, तर नवा खर्च करायची गरजच नाही.

२००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ पासून पुढच्या प्लेस्टेशनना एचडीएमआय सॉकेट आहे. मॉनिटरलाही ते असेल, तर एका केबलमध्ये काम झाले. मॉनिटरला डीव्हीआय असेल, तर एचडीएमआय-डीव्हीआय अशी साधी केबल चालते, कारण दोन्हीकडे चित्र आकड्यांच्याच भाषेत जाते. फक्त मॉनिटर ‘एचडीसीपी’ हे नक्कलरोधक कुलूप ओळखणारा आहे ना, ते विचारा. फार जुने मॉनिटर ते ओळखत नाहीत. मॉनिटरला केवळ व्हीजीए असेल, तर आकड्यांचे रूपांतर विजेच्या चढउतारात करावे लागते. त्याला कन्व्हर्टरच हवा. नुसता जोड चालत नाही.

आवाजाचे काय? बहुतेक जुन्या मॉनिटरना स्पीकर नसतात. जुन्या गेमच्या लाल-पांढऱ्या किंवा एकट्या पांढऱ्या पिनेतला आवाज संगणकाच्या स्पीकरला देता येतो. प्लेस्टेशन ४ च्या रिमोटलाच इअरफोन लावता येतो. त्यामुळे मालिका बघणाऱ्यांची शांतताही टिकते!

एक सूचना मात्र कळकळीची. जुना, पाठीमागे फुगीर असलेला काचेच्या नळीचा मॉनिटर बिघडला, तर घरी उघडू नका. त्या नळीला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ आत राहू शकतो. तिच्या काचेत शिसेही असते. म्हणून असा मॉनिटर फोडून कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांकडेच जायला हवा.

मॉनिटर चालू असेल, तर त्याला अजून काम आहे. दुकानात जाण्यापूर्वी गेम आणि मॉनिटर या दोन्हींच्या पाठीचा मोबाइलवर फोटो काढून घ्या आणि तो दुकानदाराला दाखवा. कोणते सॉकेट कोणत्या सॉकेटला जोडायचे, एवढे कळले की कोणती केबल घ्यायची, हा प्रश्न उरतच नाही.